चौदाचा पाना

सगिनालीची स्टेपवॅगन जपानातून आलेली,
स्टेअरिंग उजव्या हाताला, म्हणजे आमच्याकडे चुकीच्या हाताला.
अत-बाशी ते बिश्केक, आठवड्याला तीन खेपा,
सात सवारी, कधी पोत्यात अर्धी मेंढी,
आणि पुढे डावीकडे महिनाभर
कुणीतरी दार ठोठावतंय.

बिश्केकात त्याने दोन्ही शॉकअब्सॉर्बर नवे घातले.
आवाज जुनाच राहिला.

मामा आधी बोलत नाही. गावभर उस्ता तुर्दुमामत,
मला नुसता मामा.
बॉनेटच्या कोपऱ्यावर तळवे टेकून
सगळं अंग टाकतो, आणि सोडून देतो.
गाडी खाली जाते, वर येते, थांबते,
नवी सून सासऱ्यांपुढे वाकते तशी, एकदाच.
"हा नाही. हा बिचारा उगाच बदलला."

मग जॅक. जॅकशेजारी लाकडी ठोकळा,
कारण नुसत्या जॅकवर विश्वास ठेवणारा एक माणूस
आमच्या ओळखीचा होता.
चाक वर-खाली धरून हलवलं: बॉल जॉइंट गप्प.
टॉमी घालून बुश उचकटून पाहिला.
रबर कुरकुरलं,
पण म्हातारी माणसं बसता-उठता कुरकुरतात तेवढंच.

गाडी खाली उतरवून मला म्हणाला,
"आत बस. स्टेअरिंग फिरव. सावकाश."
आणि चाकामागून हात घालून
स्प्रिंगच्या वेटोळ्यावर ठेवला,
बुजऱ्या घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा.
मी फिरवत गेले. स्प्रिंग पीळ खात गेली, खात गेली,
धरून बसली,
आणि एकदम सुटली.
तो झटका त्याच्या खांद्यापर्यंत गेलेला
मला काचेतून दिसला.
"वरचं बेअरिंग."

उघडलं तर आतून डोलोन घाटातला अख्खा हिवाळा निघाला:
मीठ, वाळू, चहासारखं गंजाचं पाणी,
आणि गोल असायचं विसरलेले छर्रे.
सगिनालीने भंगारातल्या गाडीचं एक बेअरिंग शोधून आणलं.
ग्रीस मी भरलं.
स्प्रिंग आवळायचं काम मामा मला देत नाही.
दाबून ठेवलेल्याच्या मनात काय असतं, म्हणतो,
ते सुटल्यावरच कळतं.

दिवेलागणीला पुलापर्यंत जाऊन आलो.
"झालं," मामा म्हणाला.
"झालं," सगिनाली म्हणाला, पाकीट काढत.

झालं नव्हतं.
दारातल्या खडीवर गाडी अगदी हळू वळताना
अजून एक टिकटिक होती, बारीक,
दातावर सुई लागावी एवढी.
सगिनालीचा रेडिओ चालू होता.
आणि मामाच्या कानात तीस वर्षांचा हातोडा आहे.
घरी आम्ही सगळे जरा मोठ्यानेच बोलतो.
का, ते कुणी काढत नाही.
मामी टीव्हीला नावं ठेवते.

सवारी पहाटे चारला निघायची होती.
मी रेडिओ बंद केला.
मामाचं मनगट धरून चाकामागे नेलं,
स्टॅबिलायझरच्या लिंकवर, करंगळीएवढ्या सळीवर,
त्याची दोन बोटं टेकवली
आणि सगिनालीला म्हटलं, हलवा गाडी. कडेकडेने.

टिक.

माझ्या हाताखाली त्याचा हात, त्याखाली लोखंड.
त्याने बोटं काढली नाहीत.
माझ्याकडे पाहिलंही नाही.
"काय झालं?" सगिनालीने विचारलं,
मग पुन्हा, मोठ्याने.

"एक लिंक राहिली," मामा म्हणाला.
"हिचे पैसे नकोत."
आडवं व्हायला म्हणून त्याने चटईवर गुडघा टेकला,
मग उठला. हात पुसले, नको तितका वेळ.
चौदाचा पाना माझ्यासमोर धरला
आणि दिवा स्वतःकडे घेतला.

मी खाली सरकले.
उजेड आला, जिथे हवा होता तिथेच.
नट गंजलेला होता.
पहिल्या झटक्याला निघाला नाही.